कांद्याचा भाव, पिठातला भुंगा आणि एकच समीकरण: हे ज्ञान की नुसतं साम्य?

उन्हाळकांदा
नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातला. घरी साडेतीन एकर, निम्म्याहून जास्त कांदाच. सध्या पुण्यात एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सरांनी एक साधं समीकरण दिलं: पुढच्या वर्षीचा क्ष = र × क्ष × (१ − क्ष). क्ष म्हणजे जागेच्या क्षमतेच्या मानाने किडे (समजा पिठातले भुंगे) किती, र म्हणजे वाढीचा वेग. र २.८ घेतला की संख्या ०.६४३ वर येऊन शांत बसते. ३.२ घेतला की एक वर्ष ०.५१३, एक वर्ष ०.७९९, असा झोका सुरू. साधारण ३.५७ च्या पुढे बहुतेक ठिकाणी कसलाच ठरावीक क्रम नाही. समीकरणात नशीब कुठेच नाही, तरी उत्तर अंदाजापलीकडचं. परिसरशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये 'नेचर'मध्ये यावर लेख लिहिला आणि हे अर्थशास्त्रालाही लागू पडेल असं तेव्हाच म्हटलं.

ते वाचून मी वहीत कांदा मांडला. समजा २० रुपये किलोला मागणी-पुरवठा जुळतो. भाव एक रुपयाने चढला की खप २ एककांनी घटतो, आणि तोच भाव बघून पुढच्या हंगामात लोक ३ एककं जास्त पिकवतात. सुरुवात २२ रुपयांनी केली. पुढचे भाव: १७, मग २४.५०, मग १३.२५, मग ३०.१३, मग ४.८१. कुठलंही संकट न येता. शेवटचा आकडा लिहिला तेव्हा हात थांबला, कारण त्या भावाला वडिलांनी कांद्याने भरलेला ट्रॅक्टर लिलावातून परत आणलेला मी लहानपणी पाहिलाय.

प्रश्न असा: किडे, कांदा आणि कागदावरचं समीकरण एकसारखे वागतात, म्हणजे आपल्याला काही कळलं का? की तीन वेगळ्या गोष्टींना एकच सदरा चढवला? तिन्ही क्षेत्रांतल्या लोकांनी कृपया सांगा.

अर्थात
चांगला विषय. मी अर्थशास्त्र शिकवतो. तुम्ही मांडलंत त्याला आमच्याकडे कोळ्याच्या जाळ्याचं प्रारूप म्हणतात, आलेखावर रेघा तशा दिसतात म्हणून. १९२८ मध्ये आर्थर हानाऊ यांनी जर्मनीतल्या डुकरांच्या भावात हे चक्र दाखवलं. डुक्कर महाग झालं की सगळे पिल्लं पाळतात, ती मोठी होईपर्यंत बाजार भरून जातो. १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी त्याला हे नाव दिलं.

पण १९६१ मध्ये जॉन मुथ यांनी यावर घाव घातला. शेतकरी दर वर्षी तीच चूक का करेल? आज भाव चढा आहे म्हणजे उद्या पडणार, हे त्यालाही कळतं. ते धरून तो लागवड करेल आणि चक्र मोडेल. पिठातला भुंगा बाजारभाव ऐकत नाही, माणूस ऐकतो. म्हणून माझं मत: साम्य वरवरचं आहे.

मळेकरीण
अर्थात सर, नमस्कार. मी येवल्याकडची, वीस वर्षं कांदा करते. कळतं हो सगळं. तरी लावतो. का ते सांगते.

उन्हाळ कांद्याचं उळे, म्हणजे बी, आम्ही टाकतो दिवाळीच्या आगेमागे. नेमका त्याच वेळी चाळीतला, म्हणजे साठवणीच्या छपरातला, जुना कांदा संपत आलेला असतो, लाल कांदा पुरता आलेला नसतो, म्हणून भाव बहुधा चढलेला असतो. हातात चार पैसे असतात तेही तेव्हाच. लागण होते डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. भाव पडणार हे माहीत असलं तरी विहिरीला पाणी तेवढंच, रान तेवढंच, आणि सोसायटीचं कर्ज फेडायला नगदी पीक दुसरं कोणतं? शेजारणीने अर्धा एकर कमी केला आणि नेमका त्याच वर्षी भाव वाढला, की पुढच्या वर्षी ती एकर वाढवते. पुस्तकातला शेतकरी एकटा बसून विचार करतो. आम्ही बांधावरून एकमेकींकडे बघून ठरवतो.

आणि ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी तुमच्या कुठल्या समीकरणात होती? त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. आमच्या लेखी तो र वगैरे दिल्लीहून येतो.

झुणका_भाकर
कांदा गणितात चिरला तरी डोळ्यांत पाणी येतंच. वाचतेय, लिहीत राहा.

मुळाक्षर
मी शुद्ध गणितातला, टोपॉलॉजी शिकवतो. उन्हाळकांदा, 'नुसतं साम्य' या शब्दांना माझी हरकत आहे.

१९७५ मध्ये ली आणि यॉर्क यांनी सिद्ध केलं की एका अखंड नियमाने रेषेवरचा आकडा पुढे सरकत असेल आणि त्यात तीन पावलांनी परत येणारा एक जरी बिंदू असेल, तर दोन, चार, पाच, शंभर, हव्या तितक्या पावलांनी परत येणारे बिंदू असतातच. यूक्रेनमध्ये शार्कोव्हस्की यांनी याहून व्यापक प्रमेय १९६४ मध्येच दिलं होतं, पश्चिमेत ते फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. या प्रमेयात किडा नाही, कांदा नाही, र × क्ष × (१ − क्ष) सुद्धा नाही. फक्त 'अखंड' एवढी अट.

त्याहून मोठी गोष्ट फायगेनबाउम यांची. झोका दोनाचा चार, चाराचा आठ होत जातो, त्या टप्प्यांमधली अंतरं ४.६६९ या प्रमाणात आकसतात. एका उंचवट्याचं कुठलंही गुळगुळीत वक्र घ्या, माथा साध्या परवलयासारखा गोल असला की आकडा तोच. शुद्ध गणित हे देतं: कोणते तपशील सोडले तरी चालतील आणि कोणते सोडले तर इमारत कोसळेल, याची खात्री.

एक दुरुस्ती. तुमच्या वहीतल्या रेघा सरळ आहेत. सरळ रेघांत झोका विरतो, तसाच राहतो किंवा अमर्याद वाढतो, चौथा प्रकार नाही. अजून दोन हंगाम पुढे गेलात तर भाव शून्याखाली जाईल. मे यांच्या समीकरणाशी नातं जोडायचं तर कुठेतरी वक्र हवं.

डोंगरवाट
मी परिसंस्थांवर काम करते, बराच काळ रानात. मुळाक्षरांचं प्रमेय मान्य, पण निसर्ग एका उंचवट्याचा असतो कुठे?

मे स्वतः हॅसेल आणि लॉटन यांच्यासोबत १९७६ मध्येच खऱ्या कीटकांच्या नोंदी तपासायला बसले. बहुतेक संख्या शांत निघाल्या. मोठे झोके सापडायला प्रयोगशाळेत जावं लागलं. १९९७ मध्ये कॉस्टँटिनो आणि सहकाऱ्यांनी पिठातल्या तांबड्या भुंग्यांवर ते दाखवलं. हे भुंगे आपलीच अंडी आणि कोष खातात, म्हणजे वक्र त्यांच्या पोटातच आहे. संशोधकांनी प्रौढ भुंगे हाताने काढून-घालून मृत्युदर आणि भरती ठरवली आणि प्रारूपाने सांगितलेले बदल एकामागून एक समोर आले. माझ्या मते सिद्धांत आणि प्रयोग यांची अशी जोडी आमच्या शास्त्रात फार कमी वेळा जमली. पण ते बाटल्यांतलं पीठ होतं, सह्याद्री नव्हता.

तरी एक उलटं उदाहरणही देते. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी जवळजवळ बंद पडली. फ्युमे बंदराच्या बाजारात शार्क-पाकटांसारख्या शिकारी माशांचा वाटा १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होता, तो १९१८ मध्ये ३६ वर गेला. जीवशास्त्रज्ञ उम्बेर्तो द'अँकोना यांनी हे आपले सासरे व्हिटो व्होल्टेरा यांच्यापुढे ठेवलं. सासरे नामांकित गणिती. त्यांनी १९२६ मध्ये दोन समीकरणं मांडली, त्यातून निघालं की दोघांची सारखी मासेमारी थांबली तर फायदा शिकाऱ्याचा होतो, भक्ष्याचा नाही. हे नुसतं बघून सुचलं नसतं. आणि बघा, ही सगळी नोंद आली बाजारातून. मासळीबाजाराचे आकडे नसते तर त्या शास्त्राचा पाया असा पडला नसता.

सातपाटी
मासळी निघालीच आहे तर बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्या होडी. पापलेट आमचं नाव आहे. आजोबांच्या वेळेला जे ताटाएवढं यायचं ते आता तळहाताएवढं. लहान पिल्लू धरू नये हे काय आम्हाला कळत नाही? १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतो. पण ट्रॉलर बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्याने पिल्लं उचलतो, मग मी सोडून दिलेलं पिल्लू माझ्यासाठी वाढणार कसं? यावर कोणी गणित केलंय का?

अर्थात
सातपाटी, केलंय, आणि तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याला हात घातलाय. १९५४ मध्ये स्कॉट गॉर्डन यांनी दाखवलं की समुद्र सगळ्यांना मोकळा असेल तर खर्च आणि उत्पन्न बरोबरीला येईपर्यंत होड्या वाढत जातात. कोणाच्याच हाती नफा उरत नाही आणि मासाही पार घटतो. तुम्ही सोडलेलं पिल्लू दुसरा उचलतो, तो हाच हिशेब.

लोक त्यावर म्हणाले, मग समुद्राला एकच मालक द्या, तो जपेल. इथे कॉलिन क्लार्क आले. कॅनडातले गणिती, हाडाचे शुद्ध गणितातले. १९७३ मध्ये त्यांनी देवमाशांवर लिहिलं: एकटा मालक असला तरी तो प्रजाती संपवेल, जर तिच्या वाढीचा वेग व्याजदरापेक्षा बराच कमी असेल आणि शेवटचा प्राणी पकडायचा खर्चही परवडत असेल. १०० रुपयांचे मासे समुद्रात वर्षाला ५ रुपयांनी वाढतात आणि बँकेत तेच पैसे १० ने वाढतात, तर निव्वळ हिशेबी माणूस समुद्र विकून बँकेत ठेवतो.

मी वर 'साम्य वरवरचं' म्हणालो. क्लार्कांच्या बाबतीत ते खरं नाही. तिथे व्याजदर आणि प्रजननदर एकाच असमानतेच्या दोन बाजूंना उभे आहेत. ते साम्य नाही, ती एकच गोष्ट आहे.

सातपाटी
होडीच्या कर्जाला मी किती टक्के भरतो ते इथे लिहीत नाही. पण उत्तर कळलं. देवमासाच काय, पापलेटही त्या व्याजाच्या वेगाने वाढू शकणार नाही.

पाचोळा
मला या सगळ्यात एक धोका दिसतो. समीकरण आलं की रानातल्या माणसाला विचारणं थांबतं.

सत्तरच्या दशकात कर्नाटक सरकारने परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना बांबूचा अभ्यास करायला सांगितलं. बुरुडांची तक्रार होती की कागद गिरणी बांबू संपवतेय. गिरणीला बांबू टनाला एक-दीड रुपयाने मिळायचा, बुरुडांना बाजारात हजारो मोजावे लागायचे. आता बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं ना, ते बेट नीट वाढावं म्हणून साफ करायची पद्धत होती. कागदावर पटण्यासारखं. गावकरी म्हणाले, काटे काढले की कोवळे कोंब गुरं आणि रानडुकरं खातात, बेट मरतं. गाडगिळांनी प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा गावकरी बरोबर निघाले. हार्वर्डला गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस जमिनीवर बसून काटे बघत होता, म्हणून हे समोर आलं.

डोंगरवाट
पाचोळा, अगदी. पण तो माणूस काटे बघताना गणित विसरला नव्हता, हेही लक्षात घ्या. प्राण्याने आयुष्यात एकदाच भरपूर पिल्लं द्यावीत की थोडी थोडी अनेकदा, यावर गाडगीळ आणि बॉसर्ट यांचा १९७० चा लेख आहे. तो मुळात खर्च आणि फायद्याचाच हिशेब आहे, चलन फक्त पैसा नसून संतती. आणि बांबू तर आयुष्यात एकदाच फुलून मरणारा!

मुळाक्षर
या निमित्ताने त्या घराबद्दल. वडील धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यामागचे अर्थतज्ज्ञ. मुलगा माधव परिसरशास्त्रात. सून सुलोचना गाडगीळ, हार्वर्डहून उपयोजित गणितात डॉक्टरेट, सगळं आयुष्य मान्सूनवर काम. नातू सिद्धार्थ शुद्ध गणितात, टोपॉलॉजीत. सुलोचनाबाई आणि सिद्धार्थ यांनी २००६ मध्ये मान्सून आणि राष्ट्रीय उत्पन्न यांवर एकत्र लेख लिहिला. अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा कितीतरी घटला, तरी मोठ्या दुष्काळाचा फटका उत्पन्नाच्या २ ते ५ टक्केच राहिला, असं त्यात निघालं. उन्हाळकांदा, तुम्ही विचारलेल्या तीन विषयांचा संसार एका मराठी घरात झालेला आहे.

मांडवीकाठ
गोंयचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी घेतो. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबें. मूळचे भूमितीतले. त्यांची मार्गांची भूमिती पुढे कार्तां आणि चर्न या गणितींच्या नावांसोबत जोडली गेली आणि नंतर पीटर अँटोनेली यांनी ती परिसरशास्त्रातल्या समीकरणांना लावली. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरची अंतरं मोजायचं सूत्र दिलं, ते पिकांच्या जनुकनकाशांमध्ये अजून 'कोसंबी' म्हणूनच वापरतात. फर्ग्युसनमध्ये शिकवणारा माणूस नाण्यांची वजनं घेऊन काळ ठरवत होता. कोणत्या विभागात बसवाल त्यांना?

थेम्सकाठची
लंडनमध्ये बँकेच्या जोखीम विभागात आहे, मूळ सांगलीची. पाचोळांच्या शंकेला पुस्ती जोडते.

मे यांचंच १९७२ चं काम: जाती जितक्या जास्त आणि त्यांचे आपसातले धागे जितके दाट आणि ताकदीचे, तितकं यादृच्छिक (धागे कसेही जोडलेलं) जाळं डळमळीत. त्यामागचं गणित अणुकेंद्रासाठी विग्नर यांनी उभारलेल्या यादृच्छिक सारण्यांचं. २००८ च्या पडझडीनंतर बँक ऑफ इंग्लंडचे अँड्र्यू हाल्डेन आणि मे यांनी मिळून २०११ मध्ये बँकांच्या जाळ्यावर लिहिलं. त्यातलं मला भिडलेलं वाक्य नाही, चित्र आहे: प्रत्येक बँक स्वतःची जोखीम चार ठिकाणी वाटते आणि सगळ्या त्याच चार ठिकाणी वाटतात. एकेकटी सुरक्षित, सगळ्या मिळून एकच पीक. एक कीड आली की सगळं शेत जातं.

पण रोजच्या कामात फरकही दिसतो. बँक धोक्याची बातमी ऐकून रात्रीत धागा तोडते आणि तो तोडण्यानेच शेजारची बँक पडते. बेडूक सापाशी असलेला करार रद्द करत नाही. तिथे मला अर्थात यांचा पहिला प्रतिसाद पटतो. साम्य घ्यावं, पण माणूस ज्या जागी ऐकतो ती जागा शोधून तिथे वेगळं समीकरण लिहावं.

उन्हाळकांदा
सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवीकाठ, कोसंबींचं सूत्र मला अजिबात ठाऊक नव्हतं. थेम्सकाठची ताई, तुमचं 'माणूस ज्या जागी ऐकतो ती जागा' हे वाचलं आणि चाळ डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे माणूस भाव ऐकतो तो चाळीत.

म्हणून वहीत चाळ घातली. चाळीत एक नेहमीचा साठा धरला, तो पुढच्या हंगामात सगळा बाजारात येतो. भाव २० च्या खाली जितके रुपये, त्याच्या च पट एककं नेहमीपेक्षा जास्त ठेवायची, वर गेला की त्याच हिशेबाने कमी. बाकी आकडे तेच. च = १ घेतला तर भाव २२, १८.६७, २०.८९, १९.४१, असा विरत जातो. च = ०.५ ला २२, १८, २२, १८, ना विरतो ना वाढतो. त्याच्याखाली परत स्फोट. म्हणजे उंबरठा नेमका अर्ध्यावर आहे. रात्री दोनदा तपासलं.

मळेकरीण
बाळा, छान केलंस. पण चाळ म्हणजे तिजोरी नाही. पावसाळी हवेत काजळी धरते, सप्टेंबरात कोंब फुटतात, वजन घटतं. तीन क्विंटल टाकले तर दोन निघाले तरी नशीब, असं वर्षही येतं. शिवाय भाव पडल्यावर चाळीत टाकायला घरी दुसरा पैसा लागतो. ज्याच्या डोक्यावर मेमधलं लग्न आहे तो आठशे रुपये क्विंटलनेही विकतो. तुझा तो च सगळ्यांचा सारखा नाही.

मुळाक्षर
मळेकरीणताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. ढोबळ हिशेब: तीनमागे एक क्विंटल घटला तर उंबरठा अर्ध्यावरून ०.६ वर जातो. म्हणजे सड वाढली तर तोच बाजार शांत ठेवायला जास्त लोकांनी जास्त कांदा धरून ठेवायला हवा, आणि ते परवडतं फक्त हातात पैसा असलेल्याला. शिवाय चाळीच्या क्षमतेला वरची मर्यादा आहे, रिकाम्या चाळीतून काही निघत नाही. तुम्हाला हवं होतं ते वक्र इथेच आहे, उन्हाळकांदा. मे यांच्याकडून उसनं आणायची गरज नाही.

अर्थात
आणि मुथ यांना उत्तरही इथेच आहे. शहाणपण असून उपयोग नाही, ते वापरायला चाळ आणि उसंत लागते. मी माझ्या वर्गात पुढच्या आठवड्यात हेच उदाहरण घेईन, परवानगी असेल तर.

उन्हाळकांदा
सर, घ्या ना, आनंदच आहे. च मोजायचा कसा या विचारात होतो. काल घरी फोन केला. मावशीने २०११ पासून वही ठेवलीय: कोणत्या तारखेला किती ट्रॅक्टर चाळीत, किती थेट लिलावाला, त्या दिवशीचा भाव, आणि चाळ फोडल्यावर किती गोण्या फेकल्या. शनिवारी जाऊन फोटो काढतो. आणखी कोणाच्या घरी अशी वही असेल तर इथे सांगा. गोल्टी (बारीक कांदा) वेगळी लिहिली असेल तर फारच उत्तम.

मळेकरीण
माझ्याकडे आहे, पण २०१७ पासूनची, आणि मधली दोन वर्षं पावसात भिजली. गोल्टी वेगळी आहे. शनिवारी येवल्यावरून पुढे ये, जेवायलाच थांब.